तळाचं मीठ

या, असे जवळ या. मागं खांबाला टेकून बसलेल्यांनीही पुढं सरकावं. कीर्तनात पुढची जागा मोकळी ठेवू नये. तिथं देव येऊन बसतो म्हणतात, आणि त्याला एकट्याला बसवणं आपल्याला शोभत नाही. आज सांगायची आहे त्या कथेत राजा नाही, राक्षस नाही, शाप-उःशापही नाहीत. एक बर्फाची फरशी आहे, मूठभर खडेमीठ आहे, आणि एका भल्या बाईच्या तोंडून वेळेवर न निघालेला एक शब्द आहे. लक्ष द्या. कथा थंड आहे, पण ऐकताना पोळेल.

कोल्हापुरात, उद्यमनगरच्या एका गल्लीत, पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. आज तिला सगळं गाव 'बर्फघर' म्हणतं, पण कालपरवापर्यंत तिथं फाउंड्री होती. उदयसिंह नावाच्या कष्टाळू माणसानं ती उभी केली होती. भट्टीत लोखंडाचा रस व्हायचा, साच्यात ओतला जायचा. उदयसिंहांची थोरली बहीण विठाबाई ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली आणि माहेरचीच झाली. भावजय अकाली गेली तेव्हा भावाचं पोर, अमरसिंह, तिनंच वाढवलं. पुढं ती सगळ्या गल्लीची आक्का झाली.

आक्का म्हणजे कीर्तनाचं वेड. शनिवारी विठ्ठलाच्या देवळात गणपतबुवा उभे राहिले, की पहिल्या रांगेत, बुवांच्या उजव्या हाताला, टाळ घेऊन आक्का बसलेली असायचीच. बुवा म्हणायचे, "आक्कांची मान हलली नाही तर समजावं, आज आपला सूर लागला नाही."

आणि दर अमावास्येला आक्काचं आणखी एक काम असे. मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घ्यायच्या, भट्टीवरून आणि कामावरच्या माणसांवरून ओवाळायच्या आणि थेट भट्टीत टाकायच्या. मोहऱ्या तडतडल्या की आक्का म्हणायची, "बघा, किती नजर लागलीती!" कामगार हसायचे, पण ओवाळून घेताना मान खाली घालायचे. रसरशीत लोखंडाशेजारी उभं राहणारा माणूस कुठल्याही आशीर्वादाला नाही म्हणत नाही.

उदयसिंह गेले. कामं दुसरीकडं वळली. भट्टी विझली ती विझलीच, आणि एक दिवस तिचं भंगार गेलं. शेडमध्ये काळी जमीन आणि कबुतरं उरली. अमरसिंह उत्तरेकडं कुठंतरी एका मित्राकडं जाऊन आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून म्हणाला, "आक्का, आपल्या शेडमध्ये मी बर्फ करणार हाय."

आक्का भाकरी थापत होती. "कुल्फीचा कारखाना?"

"न्हाय गं. बर्फाची जमीन. त्यावर पायात पात्याचे बूट घालून लोक घसरणार."

"लोक घसरावेत म्हणून तू जमीन करणार? कोल्हापुरातल्या रस्त्यावर घसरत न्हाईत व्हय?"

अमरसिंह हसला, पण उठला नाही. आक्काच्या मनाविरुद्ध शेडला हात लावायचा नाही हे त्यानं बापाला कबूल केलं होतं. म्हणून त्यानं तिला पटणाऱ्या वाटेनं जायचं ठरवलं. म्हणजे गोष्ट सांगायची.

"ऐक तर. दीडपावणेदोनशे वर्षं झाली. लंडनमध्ये लोकांना वाटलं, बारा महिने बर्फावर खेळता आलं पायजे. पण बर्फ करायचं यंत्र कुणाला ठावं न्हवतं. मग त्यांनी काय केलं असंल?"

"काय केलं?"

"क्षार घेतले, त्यात डुकराची चरबी कालवली, आन ते जमिनीवर थापलं. दिसायला पांढरं, पायाखाली गुळगुळीत. त्यावर लोक घसरायचे."

आक्कानं भाकरी तव्यावर टाकली आणि हात झटकले. "शिव शिव! आन वास?"

"वासानंच बंद पडलं ते."

"पडणारच की! देवानं नाक काय शोभेला दिलंय?"

"मग तीसएक वर्षांनी तिथंच एक जनावरांचा डॉक्टर निघाला. मांस लांबच्या देशातनं न नासता कसं आणावं, ह्या नादात त्यानं गारठा करायची युक्ती शोधली, आन ती जमिनीत घातली. खाली माती, तिच्यावर गाईचे केस, मग फळ्या, त्यावर तांब्याच्या नळ्या. नळ्यांतनं थंडगार रसायन फिरवलं, वर पाणी सोडलं. झाला खरा बर्फ. घरात, छपराखाली."

"गाईचे केस कशाला?"

"खालची ऊब वर येऊ नये म्हणून. आपण बर्फाची लादी भुश्शात ठेवतो न्हवं?"

आक्कानं तव्यावरची भाकरी उलटली. डुकरापासून गाईपर्यंत आलेली गोष्ट तिला एकूण बऱ्या वळणावर लागलेली वाटली असावी. "कर बाबा," ती म्हणाली. "जिथं तुझ्या बापानं लोखंडाचं पाणी केलं, तिथं तू पाण्याचं लोखंड कर. पण माणसं जपून."

ते काम जाणणारा माणूस अमरसिंहाला राधानगरीकडं मिळाला. जोतीराम त्याचं नाव. दूध थंड करायच्या केंद्रावर त्यानं बरीच वर्षं काढली होती. यंत्राचा आवाज ऐकून ते उपाशी आहे की आजारी हे सांगायचा. घर लांब, म्हणून तो शेडच्याच एका खोलीत राहू लागला आणि दोन वेळा आक्काच्या घरी जेवू लागला. आक्काच्या स्वयंपाकाला नाव ठेवायची उभ्या गल्लीत कुणाची छाती नव्हती. हा पहिल्याच दिवशी म्हणाला, "आक्का, आमटी झ्याक हाय, पर मिठाला हात आखडताय." आक्का रागावली, मग हसली, आणि त्या दिवसापासून जोतीरामाच्या ताटात वरच्या बाजूला मिठाची चिमूट जरा मोठी पडू लागली.

काळ्या जमिनीवर नळ्यांचं जाळं अंथरलं गेलं. आक्का एकदा बघायला गेली तेव्हा जोतीरामानं तिला समजावलं, "ह्या नळ्यांत मिठाचं पाणी फिरतंय, आक्का. साधं पाणी गारठलं की गोठून बसतंय. मिठाचं गोठत न्हाय, फिरत ऱ्हातंय, आन वरच्या पाण्याची समदी ऊब वढून घेतंय."

"म्हंजे मिठाच्याच जिवावर चाललंय की हे!"

"व्हय. मीठ तळाला हाय म्हणून बर्फ वर हाय."

मग तो पाणी मारायचा. कढत पाणी, धुक्यासारखं बारीक. एक थर बसला की दुसरा. आक्कानं विचारलं, "गरम का?" तर म्हणाला, "कढत पाण्याचा बर्फ निखळ पडतोय. गार पाण्याचा पोटात हवा धरतोय." त्याच्या बर्फावर कुणी पाय ठेवला तर तो असा बघायचा, जणू त्या माणसानं देव्हाऱ्यात चप्पल घातली आहे. उद्घाटनाच्या दिवशी आक्का नारळ घेऊन बर्फाकडं निघाली तर त्यानं वाट अडवली. "आक्का, उंबऱ्यावर फोडा. माझ्या नकळत ह्याच्यावर पाण्याचा थेंब पडता कामा नये."

आक्कानं नारळ उंबऱ्यावर फोडला. पण मनात कुठंतरी खट्टू झालं. भट्टीनं तिला कधी अडवलं नव्हतं.

त्या दिवशी अर्धं कोल्हापूर लोटलं. स्वेटर, कानटोप्या, बायकांनी साडीवर नवऱ्याचे कोट चढवलेले. "ओ पावणं, सरका की जरा!" "सरकलो असतो तर पडलो न्हाय का वं!" एक जाडजूड गृहस्थ कठडा सोडून चार बोटं पुढं गेले आणि बर्फावर आदळले. बायको ओरडली, "पडलासा?" ते तिथूनच म्हणाले, "पडलो न्हाय, बसलोय. गार वाटतंय."

आणि मधोमध एक मुलगी होती. जयसिंगपूरची स्नेहल. चाकांच्या बुटांवर राज्यात नाव काढलेली, बर्फावर पहिल्यांदाच. सुरुवातीला चाचपडली, मग जी फिरू लागली ती भिंगरीसारखी. हिवाळ्यात उत्तरेत बर्फावरच्या संघाची निवड होती, आणि सरावाला आता बर्फ घरापासून तासाभरावर आला होता. तिचा बाप कठड्याशी उभा राहून डोळे पुसत होता.

आक्काशेजारची एक बाई उसासून म्हणाली, "पोरगी हाय का वारं! आन अमरसिंहाचं नशीब बघा. लोखंड गेलं तर बर्फ पिकला. असं सगळ्यांचं कुठं पिकतंय?"

वाक्य साधं होतं. पण आक्कानं लगेच कानशिलावर बोटं मोडली. भाऊ गेला त्याआधीही गल्ली अशीच म्हणत होती, 'उदयसिंहाचं बरं चाललंय.'

तिन्हीसांजेला गर्दी पांगली. जोतीरामानं बर्फावरचा चुरा काढला, पाण्याचा शेवटचा हात फिरवला, आणि तो आक्काच्या घरी जेवायला गेला. ताट तिनंच वाढून झाकून ठेवलं होतं. मग ती पदराखाली मूठ घेऊन एकटीच शेडमध्ये आली. बर्फाच्या कडेनं उभं राहून तिनं ओवाळलं. अमरसिंहाचं नाव घेतलं, त्या मुलीचं घेतलं, जोतीरामाचंही घेतलं. ओवाळून झालं आणि ती थबकली.

टाकायचं कुठं? भट्टी नव्हती. ओवाळलेलं मीठ उंबऱ्याबाहेर नेलं तर नजर पुन्हा घरात शिरते, हे तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. विस्तव आत आणायचा तर विस्तवाची जागाच उरली नव्हती. तिनं मिरच्या कनवटीला खोचल्या आणि मुठीतल्या मीठ-मोहऱ्यांकडं पाहिलं. तिला उन्हाळ्यातलं आइस्क्रीमचं लाकडी भांडं आठवलं. बर्फावर खडेमीठ टाकलं की दूध दगडासारखं व्हायचं. आणि जोतीरामच म्हणाला होता की, मिठाच्या जिवावर चाललंय सगळं. मग वरून चार खडे पडले तर बर्फाला बळच येईल. भट्टीनं इतकी वर्षं घेतलं, आता ह्यानं घ्यावं. पलीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कठड्याखालून, तिनं मूठ सोडली. जोतीरामाला विचारावं असं तिला वाटलं नाही, असं मात्र नाही. विचारलं तर तो नको म्हणेल हे ठाऊक होतं, म्हणूनच तर तो जेवायला बसलेला असताना ती आली होती. हे ध्यानात ठेवा. पुढं आक्काला सगळ्यात जास्त तेच टोचणार आहे.

सकाळी उजेड नीट पडण्याआधी स्नेहल सरावाला आली. आक्का शेडच्या उंबऱ्यावर निरांजन ठेवत होती. पोरीनं हात हलवला, चक्कर घेतली, वेग धरला आणि त्याच कोपऱ्यावर वळली. एक आवाज आला. वाळकं लाकूड मोडल्यासारखा. मग किंचाळी.

घोटा मोडला होता. पाय विचित्र वळला होता. बाप तिला उचलून रडत बाहेर पळाला, अमरसिंह गाडीकडं धावला. जोतीराम कोपऱ्यात गुडघ्यावर बसला. तिथला बर्फ चाळणीसारखा झाला होता. त्यानं एका भोकात नख घातलं, काळं काहीतरी बाहेर काढलं, बोटांत धरून बघितलं. मोहरी होती.

त्यानं मान वर केली. आक्का निरांजन घेऊन उभी. त्यानं मूठ मिटली, खिशात घातली, आणि कुणी बघायच्या आत कढत पाणी आणून तो कोपरा धुऊन काढला.

अमरसिंह परतला तो पेटलेला. "जोतीराम! पोरीचा पाय गेला! कोपऱ्यात काय झालतं?"

"माझंच ध्यान न्हवतं, मालक. सकाळी कोपरा बघायचा ऱ्हायला."

"ध्यान न्हवतं? तुझ्या भरवशावर लोकांची पोरं सोडतोय मी, आन ध्यान न्हवतं? उचल तुझी ट्रंक!"

आक्काच्या घशापर्यंत शब्द आला. अगदी जिभेच्या मुळापर्यंत. पण त्याच वेळी तिच्या मनात एक विचार शिरला, फार सोज्वळ तोंडाचा. 'मी सांगितलं तर लोक मला नव्हे, देवाला हसतील. म्हणतील, भक्तिणीच्या भक्तीनं पोरीचा पाय मोडला.' देवाची अब्रू राखायला म्हणून आक्का गप्प बसली. देवानं तिला कधी सांगितलं होतं, माझी अब्रू राख म्हणून?

जोतीराम ट्रंक घेऊन निघाला. वाकून आक्काच्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, "बर्फावर मीठ टाकत न्हाईत, आक्का. खालचं मीठ धरून ठेवतंय, वरचं खाऊन टाकतंय. नवा मानूस येईल त्येला सांगून ठेवा."

आक्का म्हणाली, "बरं."

तेवढंच. एवढ्या मोठ्या अपराधाला तिच्याकडं एवढाच शब्द होता.

त्या दुपारी ताट पुढं घेऊन ती बसली. वरच्या बाजूची मिठाची चिमूट दिसली आणि घास उतरेना. तिनं मीठ काढून ठेवलं. संध्याकाळी मीठ न घालता आमटी केली. दुसऱ्या दिवशी तसंच. ती कुणाला काही बोलली नाही, पण घरातली गोष्ट गल्लीत जायला कितीसा वेळ लागतो? "आक्कानं अळणी धरलंय!" "त्या पोरीचा पाय बरा व्हावा म्हणून, दुसरं काय! असा जीव असावा!" बायका दर्शनाला येऊ लागल्या, पाया पडू लागल्या. आक्का पाय ओढून घ्यायची, तर म्हणायच्या, "किती निगर्वी हो!" शिक्षा म्हणून उचललेला दगड तिच्या हातात दागिना होऊन बसला. टाकताही येईना, मिरवताही येईना.

देवळात ती आता खांबाआड बसायची. टाळ वाजायचा, पण एक ठोका मागं. बुवांच्या ते ध्यानात आलं होतं. त्यांनी अर्थ निराळा काढला.

बर्फघराला वर्ष झालं. अमरसिंहानं ठरवलं, तिथंच कीर्तन ठेवायचं. बर्फाच्या कडेला सतरंज्या अंथरल्या, माणसं शाली-घोंगड्या पांघरून बसली. पेटीवाल्याची बोटं आखडत होती. तो हात काखेत घालून गरम करायचा. अमरसिंहानं आक्काला हट्टानं पहिल्या रांगेत बसवलं. थोडं मागं स्नेहल आली होती, बापाबरोबर. पाय बसला होता, पण चाल अजून सावध होती. उत्तरेतली निवड कधीच होऊन गेली होती.

पूर्वरंग झाला, बुक्का लागला, हार पडले. उत्तररंगाला बुवा उपरणं सावरून म्हणाले, "आज पुराणातली कथा नाही. ह्याच जागेची कुळकथा. अमरसिंहांकडून ऐकलीय, माझ्या पदरचा मीठमसाला लावत नाही." आणि रंगले बुवा! सिमल्यात साहेबांच्या टेनिसच्या मैदानावर सांडलेलं पाणी रातोरात गोठलं, आणि त्यातून आपल्या देशातलं बर्फाचं मैदान कसं निघालं, ते सांगितलं. मग गेले व्हिएन्नाला. तिथं एक रेल्वे स्टेशन बंद पडलेलं. गाडी नाही, हमाल नाही. शंभरएक वर्षांमागं तिथं लोकांनी छपराखाली लाकडाचा डोंगर उभा केला, त्याला उतार दिला, आणि उतारावर बर्फ म्हणून काय पसरलं?

"सोडा!" बुवा टाळी देऊन म्हणाले. "धुण्याचा असतो ना, त्याच जातीचा. आणि शहाणीसुरती माणसं पायाला फळ्या बांधून त्यावरनं खाली!"

मागून कुणीतरी म्हणालं, "मग घरी जाऊन धोतरं धुवायला नकोत!" हशा उसळला. आक्काही हसली असती. एके काळी.

"हसा. पण बघा," बुवांचा आवाज उतरला, "बंद पडलेल्या जागेत माणूस काहीतरी मांडतोच. स्टेशन बंद पडलं, डोंगर आला. भट्टी बंद पडली, बर्फ आला. आणि हा बर्फ टिकतो कशावर? तर तळाच्या मिठावर." चिपळ्या वाजल्या, बुवांनी स्वतः जुळवलेला चरण धरला:

"तळाशी जें मीठ । बांधून धरितें ।
तेंच वर येतें । नाश करी ॥"

टाळकऱ्यांनी उचलला. पुन्हा पुन्हा. 'तेंच वर येतें, नाश करी.' आक्काच्या हातातले टाळ गार पडले.

"तसंच तपाचं आहे, मायबाप," बुवा म्हणाले. "तळाशी असावं. आपल्यात एक माउली आहे. परक्याच्या लेकीचा पाय मोडला म्हणून वर्षभर तिनं जिभेवर मीठ ठेवलं नाही. आणि शब्दानं कुणाला सांगितलं नाही! हा माझ्या गळ्यातला हार—" असं म्हणून बुवांनी हार काढला आणि आक्काकडं वळले.

आक्का उठून उभी राहिली. कीर्तनात असं कुणी उठत नाही. टाळ थांबले.

"बुवा, माझ्याजवळ आणू नका तो."

"आक्का, बसा खाली," अमरसिंह दबक्या आवाजात म्हणाला.

"न्हाय बसणार. वरीसभर बसलेच हाय." तिचा आवाज शेडच्या दुसऱ्या टोकाला पोहोचत होता. "त्या कोपऱ्यात मीठ मी टाकलं. दिष्ट काढून. जोतीरामाची काय चूक न्हवती. त्येला मोहरी घावलीती, त्येनं माझ्याकडं बघितलं, आन गप बसला. आन मी... मीबी गप बसले. त्येला ट्रंक उचलून जाताना बघितलं मी. हे अळणी तप न्हाय बुवा. घास गिळत न्हवता, म्हणून हाय."

बुवांनी हार हातातच धरला. एरवी दोन शब्दांवर दोन घटका बोलणारा माणूस, त्या दिवशी त्यांनी निरूपण केलं नाही. डोळे मिटून उभे राहिले, मग पेटीवाल्याला म्हणाले, "आरती घ्या."

आरती झाली. माणसं आक्काजवळून वाट वाकडी करून गेली. स्नेहल मात्र समोर येऊन थांबली. आक्कानं हात जोडले. पोरगी म्हणाली, "आक्का, पाय बसला. पण ते वरीस परत येत न्हाय." बाप तिला ओढू लागला तर म्हणाली, "थांबा की. मला त्येंच्यापुढं बोलू द्या." आणि मग बोलायला काही उरलं नसल्यासारखी तशीच उभी राहिली. आक्कानं मान खाली घातली नाही. ऐकायचं ते तिनं वर बघून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी अमरसिंहानं गाडी काढली. राधानगरीची वाट धरली. मग म्हणाला, "मला तरी सांगायचंस. मी काय तुला घराबाहेर काढणार हुतो?"

"न्हाय. पण तू मला लई मोठी समजतोस. ते जाईल म्हणून भ्याले."

"आन त्येचं गेलं ते?"



जोतीराम गोठ्यात होता. म्हशीची धार काढून उठला, दुधाची किटली बाजूला ठेवली. आक्का त्याच्या पायांकडं वाकली तर तो दचकून मागं सरला. "आक्का! हे काय!"

"मी सांगितलं रं. सगळ्यांपुढं. उशिरा."

आतून त्याची बायको येऊन दाराशी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर स्वागत नव्हतं.

"तू का बोलला न्हाईस तवा?" आक्कानं विचारलं.

जोतीराम हात पुसत म्हणाला, "मी बोललो असतो तर ती चुगली झाली असती. तुमी बोलला असता तर ते खरं झालं असतं. म्हणून वाट बघितली. पहिल्यांदा वाटलं, सांजंपतुर बोलशीला. मग वाटलं, अमावास्येपतुर." तो थांबला. "खोटं न्हाय सांगत, राग आलता. लई आलता. केंद्रावर परत गेलतो, तर म्हणाले, पोरीचा पाय मोडून आलेला न्हवं तू? गावातबी तसंच. ही बिचारी ऐकत ऱ्हायली."

अमरसिंह म्हणाला, "जोतीराम, माझंबी चुकलं. विचारायच्या आधी बोललो. चल परत."

"बघू," तो म्हणाला. हो नाही आणि नाहीही नाही. मग बायकोकडं वळला. "पानं वाढ."

भात, आमटी, मेथीची भाजी. आक्का पाटावर बसली. बायकोनं आक्काच्या ताटात मीठ वाढलं नाही. अळणीची बातमी राधानगरीपर्यंत आली होती. जोतीरामानं ते पाहिलं. स्वतः उठला, मिठाचं भांडं आणलं आणि आक्काच्या ताटात वरच्या बाजूला चिमूट ठेवली. जरा मोठीच.

"जेवा, आक्का. अळणी खाऊन माझं काय भलं झालं?"

आक्कानं भातावर मीठ घातलं. पहिला घास तिनं खाल्ला तेव्हा डोळ्यांतलं पाणी ओठांपर्यंत आलं होतं. कुठलं मीठ ताटातलं आणि कुठलं डोळ्यांतलं, तिचं तिलाही कळलं नाही.

जोतीराम पुन्हा कायमचा आला नाही. वर्षातून एकदा जुना बर्फ काढून नवा धरायचा असतो, तेवढ्यापुरता येतो. कढत पाण्याचे थर देतो, आक्काकडं जेवतो, मिठाला नाव ठेवतो आणि म्हशींकडं परत जातो. बर्फघराच्या उंबऱ्याशी, दाराच्या आतच, आता एक लोखंडी शेगडी ठेवलेली आहे. अमावास्येला आक्काची मूठ तिच्यात पडते. स्नेहल येते, फिरते, त्या कोपऱ्यावर अजून वेग कमी करते. आक्का ते दर वेळी बघते. बघायला हवं, म्हणून बघते.

झाली कथा. तुम्ही घरी जाल, जेवायला बसाल. ताटाच्या वरच्या बाजूला मिठाची चिमूट असेल. पहिला घास उचलण्याआधी घटकाभर हात थांबवा आणि जोतीरामाची आठवण करा. आक्काची नको, तिनंच तसं बजावलं आहे.